उंदीरघरातली पिवळी ओळ

आमच्या संस्थेत त्याला सगळे फूटपट्टी म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्यानं त्याला जवळून पाहिलं असणार. कोपऱ्यात उभा केलेला झाडूसुद्धा त्याला तिरका चालत नाही. चहाचे कप ट्रेमध्ये ठेवले की सगळ्यांचे कान एकाच बाजूला. नव्यानं संशोधनाला आलेल्या मुलांना आधी तो चक्रम वाटतो. थोड्या दिवसांनी तीच मुलं दाराबाहेर आपल्या चपला सरळ जोडून काढायला लागतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

तो उंदीरघर सांभाळतो. पाटीवर 'प्राणिगृह' असं लिहिलेलं आहे, पण तो शब्द फक्त पाटीवरच राहिला. मुख्य इमारतीच्या मागे, धुण्याच्या खोलीला लागून ही एक लांबट खोली आहे. खिडकी नाही. एकामागे एक दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दिवे ठरलेल्या वेळी आपोआप लागतात आणि विझतात, त्यामुळे आतला दिवस बाहेरच्या दिवसाशी जुळेलच असं नाही. आत पाऊल टाकलं की लाकडी भुशाचा आणि फिनाइलचा वास येतो. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पिंजऱ्यांच्या ओळी, प्रत्येक पिंजऱ्याला उलटी टांगलेली पाण्याची बाटली. बॉयलरकडून धुण्याच्या खोलीत जाणारा गरम पाण्याचा पाइप वरच्या ओळीच्या मागून गेलेला. फूटपट्टी आपली ओली फडकी त्याच्यावर वाळत घालायचा, अर्थात घडीला घडी लावून.

माझ्याकडे भांडार आणि खरेदी असल्यामुळे भुसा, खाद्य, बाटल्या या निमित्तानं माझं तिकडे जाणंयेणं असे. संपूर्ण संस्थेत मला आवडणारी मांडणी तेवढी एकच होती. मी तसं त्याला म्हणालोही होतो. तो खूश झाला आणि लगेच म्हणाला, "साहेब, कौतुक करताय तर भुसा जरा बारीक मागवा की. हा टोचतो त्यांना."

उंदरांबद्दल तो असंच बोलायचा.

त्या काळात उंदीरघरातलं मुख्य काम मॅडमचं होतं. मॅडम म्हणजे रक्तस्रावावर संशोधन करणाऱ्या आमच्या वरिष्ठ शास्त्रज्ञ. अपघात, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, कशातही माणसाचं खूप रक्त गेलं की डॉक्टर रक्त चढवतात आणि माणूस वाचतो. पण वाचलेल्यांपैकी काही जण दोन-चार दिवसांनी बिघडतात. किडनी बंद पडते, यकृत काम करेनासं होतं. मी एकदा मॅडमना विचारलं होतं, की रक्त तर मिळालं, मग आता बिघडायला काय झालं?

त्या म्हणाल्या, "बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसासमोर एकदम भरलेलं ताट ठेवलं तर काय होईल? तसंच. रक्त नसतं तेव्हा अवयव ऑक्सिजनवाचून तडफडत असतात. रक्त परत आलं की ऑक्सिजन आत घुसतो, आणि त्या गडबडीत असे काही कण तयार होतात की ते पेशीच जाळत सुटतात. लोखंडावर गंज चढतो ना, त्याचाच भाऊ समजा. फक्त हा फार घाईतला."

झाडं स्वतःच्या बचावासाठी सालीत, पानांत, बियांत काही पदार्थ साठवतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ते या कणांना शांत करतात, तर मग रक्त गेलेल्या जिवाची किडनीही वाचवतील का, हा मॅडमचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी डाळिंबाच्या साली निवडल्या होत्या. साली वाळवायच्या, त्यांचा अर्क काढायचा, तो सुकवून पूड करायची. पिवळसर तपकिरी, जिभेला तुरट अशी ती पूड थंड खोलीतल्या कपाटात ठेवलेली असे आणि कपाटाची एक किल्ली फूटपट्टीकडे असे.

उंदरांचे दोन गट होते. एका गटाला काही दिवस आधीपासून पुडीचं पाणी, दुसऱ्याला साधं. मग भूल देऊन रक्त काढायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, तेच रक्त परत चढवायचं. पूडवाल्यांच्या पिंजऱ्यांना पिवळी चिठ्ठी, साध्या पाणीवाल्यांना निळी. मुलं हे सगळं ऑपरेशनच्या खोलीत करत आणि पिंजरे आणून मांडणीवर ठेवून जात. तिथून पुढे उंदीर फूटपट्टीच्या ताब्यात.

मुलं पिंजरे कसेही ठेवत. निळ्यात पिवळं, पिवळ्यात निळं. फूटपट्टीच्या कपाळावर आठी.

"शिकलेली पोरं आहेत म्हणतात. घरी कपाटात यांची आई काय करत असेल देव जाणे!"

मुलं गेली की तो सगळे पिंजरे उतरवून नीट लावायचा. पिवळी चिठ्ठी वरच्या ओळीत, निळी खालच्या. पिवळी वर का, तर पुडीच्या पाण्यानं बाटल्यांना डाग पडत, त्या रोज काढून घासाव्या लागत, आणि त्याला वाकायचा त्रास होता. मुलांना हवा तो पिंजरा पटकन सापडायचा. तीही काही बोलली नाहीत. उलट म्हणायची, "काकांनी लावून ठेवलंय, बरं झालं."

आणि वरची ओळ दुसऱ्या दिवशी उठून बसायची. खालच्या ओळीतले उंदीर अंगाची गोळी करून, केस पिंजारून पडलेले. वरचे भुसा उकरतायत, मिशा साफ करतायत. हे दर खेपेला. फूटपट्टीनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी जेवताना तो हे सांगायचा.

त्याची बायको म्हणायची, "अहो, जेवताना उंदीर नकोत."

"अगं, उठून बसले सगळे. पुडीवाले सगळे!"

"बसू देत. तुम्ही जेवा."

पण तीच बायको शेजारणींना सांगायची की यांच्याकडे असं औषध आहे, की मेलेला जीव उठून बसतो. 'उंदीर' हा शब्द गाळून.

मग मुलीचं बाळंतपण आलं.

त्याला एकच मुलगी. नवऱ्याबरोबर दोन गल्ल्या सोडून राहायची. बाळ नीट झालं, पण नंतर तिला रक्तस्राव सुरू झाला तो थांबेना. रात्रभर रक्ताच्या पिशव्यांची धावपळ झाली आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, वाचली. घरात सगळ्यांनी श्वास सोडला. दोन दिवसांनी तिची लघवी बंद झाली. चेहरा सुजला, पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, किडन्यांना मार बसलाय. डायलिसिसवर ठेवावं लागेल. बहुतेकदा सुधारतात. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. थांबायचं.

त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, हे तेच आहे. मी रोज बघतो ते. अगदी तेच."

मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नाही. त्याच्या बायकोला मात्र लगेच कळला होता. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या ती त्याला म्हणाली होती, "मग बघत काय बसलात? औषध तुमच्या कपाटात आहे ना?"

जावई फोन चाळत बसला होता. मग त्यालाही इंटरनेटवर काय काय सापडलं. डाळिंबाची साल, किडनी, रक्त. त्यानं सासऱ्याला फोन दाखवला. "बाबा, हे बघा. तुमच्याच इथलं आहे जणू. आणि फळच तर आहे, विष थोडंच आहे?"

माणूस स्वतःच सांगितलेल्या गोष्टीत कसा अडकतो ते मी तेव्हा पाहिलं. हे औषध उपयोगाचं नाही असं म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. रोज संध्याकाळी त्यानंच उंदीर उठवून बसवले होते. माणसाला देता येत नाही म्हणावं, तर बायको म्हणायची, "उंदराला चालतं आणि माझ्या लेकीला चालत नाही? उंदरापेक्षा गयीगुजरी आहे का ती?"

शेवटी तो मॅडमकडे गेला. तेव्हा मीही तिथेच होतो. बॉयलरची दुरुस्ती निघाली होती आणि काही दिवस मागच्या बाजूला गरम पाणी मिळणार नाही, एवढं सांगायला मी गेलो होतो. मॅडम म्हणाल्या, "बाटल्या धुण्याचं काहीतरी करा म्हणजे झालं." मी हो म्हणालो. आमच्या दोघांच्याही डोक्यात बाटल्यांपलीकडे काही आलं नाही.

तो दाराशी उभा होता, पण त्याचं आमच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मग तो पुढे झाला. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. उठून त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"हे बघा, आपण उंदरांना पूड कधी देतो? रक्त जायच्या आधी. म्हणजे आग लागायच्या आधी घरात पाणी भरून ठेवतो. तुमच्या मुलीचं रक्त जाऊन परत चढवून झालंय. जे जळायचं ते जळलंय. आता पूड देऊन काय होणार?"

"थोडा तरी..."

"ऐका. नुसता उपयोग नाही असं असतं तर मी गप्प बसले असते. अशा अर्कात पोटॅशियम असतं. तुमच्या-माझ्या किडन्या ते बाहेर टाकतात. तिच्या बंद आहेत. ते रक्तात साठलं तर हृदय थांबू शकतं. कळतंय का मी काय म्हणतेय?"

"हो मॅडम."

"नक्की ना?"

"हो."

बाहेर आल्यावर तो माझ्याबरोबर भांडारापर्यंत आला. दारात म्हणाला, "साहेब, मॅडमनी उंदीर कापलेले पाहिलेत. उठून बसलेले मी पाहिलेत."

पुढचे काही दिवस तो अर्धी रजा घ्यायचा. सकाळी घाईनं उंदरांना खाद्य-पाणी घालायचा आणि हॉस्पिटलला पळायचा. बाटल्या मुलंच धूत. पिंजरे मुलं आणून ठेवत, तो ओळीत लावत असे. तेवढं काही तो विसरला नाही. पण थांबून बघायला त्याला वेळ नव्हता. तिकडे हॉस्पिटलच्या त्या बोळात बायको एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला आणि समोर दार, त्याच्यावर काचेचा गोल. त्या गोलातून आत मुलीचे पाय दिसायचे. पायांची सूज तो रोज बघायचा. डॉक्टरांना विचारलं की उत्तर एकच, थांबा. थांबण्याखेरीज तिथे कोणालाच काही करण्यासारखं नव्हतं, आणि करण्यासारखं जे एकच होतं त्या कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती.

एका संध्याकाळी त्यानं पूड काढली. एका कागदात बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येताना वाटेत जावयाच्या हातात दिली.

मग तो उंदीरघरात आला.

त्या दिवशी घाई नव्हती. दुपारी भेटीच्या वेळेला जायचं होतं, तोवर वेळ होता. त्यानं दिव्याखाली वरची ओळ नीट पाहिली, आणि वरच्या ओळीत उंदीर अंगाची गोळी करून, केस पिंजारून बसलेले होते. एक तर मरून पडला होता. त्यानं खालची ओळ पाहिली, तीही तशीच. परत वरची पाहिली. चिठ्ठ्या तपासल्या. पिवळ्याच होत्या. त्याला आधी वाटलं, पूड बिघडली. आपण मुलीला बिघडलेली पूड दिली. त्यानं बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन चाटून पाहिलं. तुरट होतं, नेहमीसारखं.

तेवढ्यात एक संशोधक मुलगी हात चोळत आत आली. "काका, किती गारठा आहे हो इथे. बॉयलर कधी सुरू होणार?"

"गारठा?"

"मग काय! आठवडाभर झाला की. तुम्हाला कळलं नाही? त्या पाइपापाशी उभं राहिलं तर आधी कशी छान ऊब लागायची."

त्यानं पाइपाला हात लावला. मग वरच्या ओळीतल्या एका पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला हात लावला. ती मुलगी मला नंतर म्हणाली की काका पाइप धरून इतका वेळ उभे राहिले, की तिला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडलेला होता.

"साहेब, बॉयलर कधी बंद झाला?"

मी सांगितलं.

"म्हणजे या उंदरांना एकही दिवस ऊब नाही."

"कसली ऊब?"

त्यानं मला सांगितलं. एक रंग एक ओळ, वरची ओळ, मागचा पाइप. रक्त गेलेला जीव गार पडतो, त्याला उबेची किती गरज असते हे उंदीरघरात काम करणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याला ते नेहमीच माहीत होतं. आपण ती ऊब कोणाला देतोय, याकडे तेवढं त्याचं लक्ष गेलं नव्हतं.

"मग पूड?" मी विचारलं.

"पुडीचं काय ते मला आता ठाऊक नाही, साहेब. मी जे पाहिलं ते पूड होती की पाइप होता?" तो खिसे चाचपडायला लागला. "फोन द्या. माझ्या फोनमधले पैसे संपलेत. फोन द्या आधी."

मी टेबलावरचा फोन सरकवला. जावयानं उचलला नाही. बायकोनं उचलला.

"ऐक, ती पूड देऊ नकोस."

पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "आता नाही म्हणू नका हं. आता मागे फिरू नका."

"अगं, ऐक तर. ती पूड..."

"तुमची नोकरी जाईल म्हणून भिताय ना? जाऊ दे नोकरी. भेटायची वेळ झाली की मी देणार आहे तिला." फोन बंद.

मी स्कूटर काढली.  वाटेत सिग्नलला थांबलो की तो मागून "चला ना साहेब, चला ना" असं म्हणायचा, जणू सिग्नल माझ्या हातात होता.

आम्ही पोचलो तेव्हा भेटीची वेळ सुरू झालेली होती. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा. त्याची मुलगी शेवटून दुसऱ्या खाटेवर, उशाला टेकून बसवलेली. सुजल्यामुळे तिचे डोळे बारीक दिसत होते आणि ओठ फुटले होते. किडनी बंद असलेल्या माणसाला पाणी मोजून देतात. दिवसभराचं तिचं पाणी एका छोट्या बाटलीत भरून ठेवलेलं असायचं, त्यातलं घोट घोट. त्या दिवशी 'मीच पाजते' म्हणून आईनं ती बाटली सकाळीच बाहेर मागून घेतली होती, आणि मुलीला एक घोटही मिळाला नव्हता. सगळं पाणी पुडीसाठी राखलं होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा आई बाटली हलवत होती, जावई वॉर्डाच्या दाराकडे बघत उभा होता, आणि मुलीनं दोन्ही हात पुढे केले होते. तिला औषधाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तहान लागली होती.

बाटली तिच्या हातात गेली आणि तेवढ्यात बापानं ती काढून घेतली.

"बाबा, द्या ना," ती म्हणाली. "एकच घोट. बाबा, द्या ना हो."

"अहो, हे काय करताय!" बायकोनं बाटलीला हात घातला. त्यानं ती पाठीमागे लपवली.

"त्या उंदरांना पुडीनं नाही वाचवलं. म्हणजे मला माहीत नाही. मी त्यांना उबेला ठेवलं होतं. पुडीवाले सगळे उबेला, बाकीचे सगळे गारठ्यात. बॉयलर बंद पडला, आता ते पण तसेच पडलेत."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग हिलाही उबेला ठेवा. ठेवा ना! नेऊन ठेवा तुमच्या पाइपापाशी. काहीतरी करा! इतके दिवस पूड पूड म्हणत होतात, आज पाइप. उद्या काय म्हणाल?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "पाणी तरी द्या हो लेकराला. सकाळपासून बघतेय मी."

"द्या," मुलगी म्हणाली. आता ती रडायला लागली होती, पण डोळ्यांत पाणी फारसं नव्हतं. "मला पूड नको, ऊब नको. पाणी द्या."

जावई पुढे झाला. "बाबा, तुम्ही नक्की काय ते सांगा. सकाळी हातात पुडी देता, दुपारी हिसकावून घेता."

"मी चोरून आणली ती," बाप म्हणाला. "मॅडमनी सांगितलं होतं, हृदय बंद पडेल. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. मी म्हटलं, मी बघितलंय ना डोळ्यांनी."

आवाज ऐकून नर्स आली. तिनं त्याच्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरली, वास घेतला. "काय आहे हे?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं.

"हिच्या सकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम आधीच चढलेलं आहे," नर्स म्हणाली. "म्हणून आज डायलिसिस लवकर घेतायत. आणि तुम्ही वरून फळाचा अर्क पाजताय? सगळी शिकलेली माणसं ना तुम्ही?" मग बायकोकडे वळून, "किती प्यायली?"

"एकही थेंब नाही," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. ती जावयाच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि जावई खाली.

नर्सनं बाटली मोरीत ओतली. पिवळसर पाणी मोरीत जाताना मुलीनं डोळे मिटून घेतले. आजच्या वाट्याचं पाणी त्याच्यातच होतं. शेवटी नर्सनंच कापूस ओला करून तिच्या ओठांवर फिरवला आणि म्हणाली, "डायलिसिस होऊ दे, मग बघते." बाप खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मुलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला. मला म्हणाला, तुम्हीही चला, बॉयलरचं तुम्हाला नीट सांगता येईल. मी गेलो. मॅडम अंतिम अहवाल लिहीत होत्या. टेबलभर कागद पसरलेले. त्यानं आधी पाइपाचं सांगितलं.

"दर खेपेला?" मॅडमनी विचारलं.

"दर खेपेला."

"एकदाही मिसळून ठेवले नाहीत?"

"मला ते बरं दिसायचं नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी पोरांना सांगितलं होतं, मिसळून ठेवा. एका बाजूला उजेड, दुसरीकडे वारा, असं काही होऊ नये म्हणूनच. तुम्हाला सांगावं हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही." त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. "अख्खं काम परत करावं लागेल. परत तेवढेच उंदीर."

मग त्यानं पुडीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हे मला सांगायला नको होतं तुम्ही. आता मला गप्प बसता येत नाही." त्यांनी किल्ली मागितली. ती त्यानं टेबलावर ठेवली, आणि ठेवताना टेबलाच्या कडेला समांतर केली. मी पाहिलं, मॅडमनीही पाहिलं.  पुढे चौकशी झाली, समज मिळाली, एक बढती हुकली. नोकरी राहिली.

मुलगी सुधारली. बरेच दिवस लागले, पण लघवी हळूहळू सुरू झाली, डायलिसिस सुटलं. तिच्या किडन्या पूर्वीसारख्या पूर्ण कधी झाल्या नाहीत. पथ्य आहे, तपासण्या आहेत, दुसरं मूल नको असं डॉक्टरांनी बजावलंय. बापावरचा तिचा राग लवकर गेला. ती त्याला चिडवते, "बाबा, माझं पाणी तुम्ही मोरीत घालवलंत, लक्षात ठेवा."

बायकोचं तसं नाही. ती नर्सवर, रिपोर्टवर विश्वास ठेवते. पोटॅशियम म्हणजे काय हेही आता तिला समजतं. तरी मुलीच्या तपासणीचा आकडा जरा वरखाली झाला की ती एवढंच म्हणते, "त्या पुडीनं कदाचित पूर्ण बरी झाली असती." मोठ्यानं नाही, भांडून नाही. भाजी निवडता निवडता.  मुलगी एकच आहे. जे केलं नाही त्यानं काय झालं असतं, हे तिच्यावर तपासून पाहता येत नाही.

उंदीरघरात मॅडमनी काम पुन्हा सुरू केलं. या खेपेला पिंजरे मिसळून ठेवलेले असतात, आणि मांडणी भिंतीपासून लांब सरकवलेली आहे. फूटपट्टी ते विस्कटलेले रंग रोज बघतो. त्याचा हात पुढे जातो आणि तो मागे घेतो. मी त्याला एकदा तसाच हात मागे घेताना पाहिलं. त्याला कळलं, तो कसनुसा हसला.

गेल्या महिन्यात नवे निकाल आले. मॅडमनी ते आम्हाला दोघांना बोलावून सांगितले. त्याला मुद्दाम बोलावलं. पुडीचा फरक उरला होता. आधी वाटला होता त्याच्या निम्माही नाही, पण होता. आधी दिली तर, उंदरांत, थोडा. मॅडम समाधानानं बोलत होत्या. वाईट नाही, म्हणाल्या, आता निदान जे आहे ते खरं आहे.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "घरी सांग की. पूड अगदीच वाया गेली नाही."

"नाही साहेब." त्यानं लगेच मान हलवली. "तिला 'आधी दिली तर' ऐकू येणार नाही. 'उंदरांत' ऐकू येणार नाही. 'फरक आहे' एवढंच ऐकू येईल. आणि मग मी जन्मभर त्या बाटलीच्या आडवा उभा."

"मग विचारलं तर काय सांगशील?"

"विचारतेच ती. दर आठवड्याला विचारते, त्या पुडीचं काय झालं म्हणून."

"आणि तू?"

"चाललंय म्हणतो," तो म्हणाला, आणि पहिलं दार लावून घेऊन दुसरं उघडायला आत गेला.